मुरलेलं म्हणून विकलेला कच्चा नेक ब्लॉक

मी बनवलेली कटअवेची (मानेजवळ एका बाजूने अंग आत वळवलेली) पहिली अकूस्टिक गिटार पाचव्या महिन्यात आतून फुटली. माझ्याकडून काय चुकलं ते शोधण्यात मी बरेच दिवस घालवले. दोष लाकडात होता आणि विकणाऱ्याला तो माहीत होता, असं आज मी खात्रीने म्हणतो. गिटार बनवणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सांगतोय.

नेक ब्लॉकसाठी, म्हणजे गिटारच्या आत मान जिथे जोडतात त्या ठोकळ्यासाठी, दहा वर्षं मुरलेलं महोगनी म्हणून मी दोन ठोकळे घेतले. रंग जुन्या लाकडासारखा गडद तपकिरी, दोन्ही टोकांना मेण लावलेलं. विकणाऱ्याने माझ्यासमोर ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया वर टेकवल्या. आकडा आला ८ टक्के. वाद्याच्या लाकडात ६ ते ८ टक्केच ओलावा हवा, म्हणून मी निश्चिंत झालो. टोकाची एक पातळ चकती कापून दाखवा म्हटलं, तर "ठोकळा खराब होईल" म्हणून त्याने टाळलं. तिथेच मी परत फिरायला हवं होतं.

साध्या गिटारचा नेक ब्लॉक दोन्ही बाजूंनी सारखा असतो. कटअवेत तसं नसतं. पातळ तारांच्या बाजूची फळी, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची, मानेलगत आत वळते आणि मग शिंगाकडे, म्हणजे कटअवेच्या टोकाकडे, बाहेर जाते. त्या वळणाला ठोकळा तंतोतंत बसावा लागतो. मी साच्यावरून रेघ मारली, रेघेबाहेर मिलिमीटरभर लाकूड राखून कापलं आणि उरलेलं पाइपाला सँडपेपर गुंडाळून घासत आणलं. फळीला खडू लावून ठोकळा टेकवायचा, खडू उमटेल तेवढाच उंचवटा घासायचा, दर वेळी गुण्या लावून बाजू काटकोनात आहे का ते बघायचं. यात दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी मागे दिवा धरला तरी फटीतून उजेड येत नव्हता. ते काम चांगलं झालं होतं, हे मी आजही म्हणेन.

पण हे करताना समोर आलेली एक गोष्ट मी सोडून दिली. पहिल्याच कापाला आतलं लाकूड फिकट गुलाबी निघालं. गडद रंग अर्धा मिलिमीटरसुद्धा खोल नव्हता. जुनं लाकूड हवेने, उजेडाने वरून काळवंडतंच, असं मी मनाला समजावलं. नंतर दुसऱ्या ठोकळ्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला, तर बोळा तपकिरी झाला. रंग लावलेला होता.

स्टीलच्या हलक्या तारांचा संचसुद्धा सुमारे ७० किलोंनी ओढतो आणि मानेकडचा तो ताण हाच ठोकळा सोसतो. कटअवेच्या बाजूला वळणामुळे त्याचं लाकूड आधीच कमी झालेलं असतं. तिथेच बोल्टच्या भोकापासून वळणापर्यंत तडा गेला, फळी सरसातून सुटली, मान पुढे झुकली. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर) तारांची उंची अडीच मिलिमीटरवरून चारच्या वर गेली.

मग मी दुसरा ठोकळा मधोमध कापला. मधलाच तुकडा काट्यावर ठेवला: ४३ ग्रॅम. १०३ अंशांच्या भट्टीत वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवला: ३७ ग्रॅम. म्हणजे पाच महिने कोरड्या खोलीत राहूनही आत १६ टक्के पाणी. घेतला तेव्हा किती असेल! सुयांचा मीटर फक्त सुया जातात तेवढ्या खोलीचंच सांगतो. बाजू उन्हात सुकवून, टोकं मेणाने बंद केली की वरून आकडा छान येतो. विकणाऱ्याला कळवलं तर म्हणाला, तुमच्या खोलीची हवा दमट आहे. पैसे परत मिळाले नाहीत.

ठोकळा घेताना टोकाचं मेण खरवडून चकती कापायला सांगा आणि मीटर त्या ताज्या कापावर लावा. नाही म्हणाला तर घेऊ नका. घेतलात तर लगेच कापायला बसू नका. दर आठवड्याला वजन करून तारखेसह पेन्सिलने ठोकळ्यावरच लिहा. वजन उतरतंय तोवर ते लाकूड सरसाला लावायचं नाही. त्या गिटारसाठी आणलेल्या नव्या ठोकळ्यावर असे अकरा आकडे झालेत. शेवटचे तीन सारखे आहेत, तरी मी आणखी एक महिना थांबणार आहे.