1,87,500 रुपयांची सहा विद्यापीठं

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये नऊ वर्षं काढलीत. व्हाउचरवर पार्टीचं नाव एक आणि खातं भलत्याच्या नावावर असेल तर ते मी आल्या पावली परत पाठवतो, मग साहेब कितीही ओरडोत. तोच मी बहिणीच्या फिजिओथेरपीच्या ॲडमिशनपायी 1,87,500 रुपये घालवून बसलोय.

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत तिला एमबीबीएस मिळण्याएवढे गुण नव्हते आणि तिला ते नकोच होतं. बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी हवी होती. त्याचेही राज्यातले प्रवेश नीटच्या गुणांवर, सीईटी सेल या सरकारी प्रवेश कक्षाच्या कॅप राउंडमधूनच, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधूनच होतात. पहिल्या यादीत नाव लागलं नाही. घरी बाबांचा बीपी वाढलेला, आत्याचा रोज फोन, शेजारच्या पोराच्या ॲडमिशनचे पेढे आलेले. अशा वेळी कुणी 'मी करून देतो' म्हटलं की माणूस त्याच्या पाया पडायचा बाकी राहतो. ज्यांच्या घरात ते पंधरा दिवस आलेले नाहीत त्यांनी मला अक्कल शिकवू नये.

हा ॲडमिशन काउन्सेलर माझ्या एका मित्राच्या मेहुण्याच्या ओळखीचा. एसी ऑफिस, भिंतीवर सहा विद्यापीठांचे फोटो. पुढची गोष्ट तुम्हाला पाठ असेल: विद्यापीठ परराज्यातलं, वर्ग आपल्याच जिल्ह्यातल्या 'सेंटर'वर, तेही शनिवार-रविवार. "एकाच ठिकाणी अर्ज टाकून रिस्क कशाला सर? सहा ठिकाणी टाकू, जिथे बेस्ट मिळेल तिथे घेऊ." कोणती सहा, हे त्यानेच ठरवलं. आम्ही फक्त माना डोलावल्या.

नोंदणी 5,000. सहा अर्जांचे प्रत्येकी 2,500, म्हणजे 15,000. चौथ्या दिवशी सहाही ऑफर लेटरं एकदम हजर. मग 'सीट ब्लॉक' करायला 1,25,000 आणि होस्टेल डिपॉझिट 35,000. (वर्ग गावाजवळ, मग होस्टेल कशाला? विचारलं नाही.)

आता तो क्षण. बँकेतून पैसे पाठवायचा एनईएफटीचा फॉर्म माझ्यासमोर होता. पत्रावर विद्यापीठाचं बोधचिन्ह, आणि खातं कुठल्याशा 'एज्युकेशनल सर्व्हिसेस'चं. हे नाव मी माझ्या हाताने लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश लिहिलं. पेन थांबलं नाही. कारखान्यात दुसऱ्याच्या पैशाला जी नजर लावतो ती घरच्या पैशाला लावली असती तर आज हे लिहीत बसलो नसतो.

आणि त्याच्या आदल्या रात्री बहीण म्हणाली होती, "दादा, फिजिओथेरपीच्या स्पेलिंगमध्ये एक एच जास्त आहे. सहाही पत्रांत तिथेच कसा?" मी तिच्यावर खेकसलो. "क्लार्क टाइप करतात गं, तू अभ्यासाचं बघ." सहा विद्यापीठांचा एकच क्लार्क!

पैसे गेल्यावर नवव्या दिवशी काउन्सेलरचा फोन बंद. मी थेट विद्यापीठात फोन लावला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, आमचं तुमच्या राज्यात कुठलंही केंद्र नाही, असूच शकत नाही. खरंच आहे ते. खाजगी राज्य विद्यापीठाला दुसऱ्या राज्यात केंद्र काढता येत नाही, हा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. छत्तीसगडची खाजगी विद्यापीठं सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये मोडीत काढली, त्या निकालातही हीच हद्दीची गोष्ट आहे. हे सगळं मी रात्री दोन वाजता वाचलं, पैसे गेल्यावर. महाराष्ट्रात आरोग्यशास्त्राची कॉलेजं सहसा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात, नाहीतर अभिमत विद्यापीठाची असतात. नाशिकची यादी वेबसाइटवर फुकट आहे. दहा मिनिटांचं काम. आणि रुग्णाच्या खांद्याला हात लावायला जी पदवी लागते ती शनिवार-रविवारी मिळत असती तर राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी कशाला लागली असती?

सगळ्यात वाईट म्हणजे मूळ कागद. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि टीसी 'व्हेरिफिकेशन'ला म्हणून काउन्सेलरकडे. कॅपच्या दुसऱ्या राउंडला आम्ही पर्यायच भरले नाहीत, कारण तोच म्हणाला होता, गरज नाही. त्याचा एक पोरगा नंतर भेटला; कागद परत हवेत तर 7,500. दिले. काय करणार होतो? मूळ कागद कुणाच्या बापालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. तिच्या क्लासमधल्या, तिच्यापेक्षा कमी गुणांच्या मुलीला दुसऱ्या यादीत कॉलेज लागलं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "अहो, पैसे तुम्ही स्वतःच दिले ना?" मग ही दिवाणी बाब. मग ऑफिस दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. तिथे गेलो तर बँकेची शाखा तिसऱ्या हद्दीत. झिरो एफआयआर म्हणून एक गोष्ट आहे, हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवायची, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिली आहे, असं मी म्हणालो तर हवालदार म्हणाले, "वकील आहात का?" फसवणुकीची चारसोबीस आता भारतीय न्याय संहितेत कलम 318 झाली, अंमलदारांची जांभई तीच राहिली. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण तोवर खातं रिकामं. हा नंबर पहिल्या काही तासांत लावायचा असतो, हेही मला तेव्हाच कळलं. चार खेपांनंतर हातात काय, तर अर्जाची पोच. शिक्का पुसट.

काउन्सेलर फी घेतो तर घेऊ दे, पण कॉलेजची फी कॉलेजच्याच खात्यावर. कॅपचे पर्याय स्वतः भरा, कुणाच्या सांगण्यावरून राउंड सोडू नका. आणि घरातलं धाकटं काही विचारत असेल तर तोंड बंद ठेवून ऐका.

मित्राच्या मेहुण्याशी बोलणं बंद आहे. मित्राशीही जवळजवळ बंदच. बहीण पुन्हा नीट देतेय. परवा फॉर्म भरला, एकटीने. मी मागे जाऊन उभा राहिलो तर तिने लॅपटॉप जरासा वळवून घेतला.