ओपनिंग बुक सुधारताना: सामन्यांचे निकाल की विश्लेषण?

बुद्धिबळ इंजिनचे (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीचे) ओपनिंग बुक, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या तयार खेळ्यांचा संग्रह, सुधारू पाहणाऱ्यापुढे प्रामुख्याने दोन मार्ग असतात. बुक वापरून सामने खेळवावेत आणि निकालांनुसार खेळ्यांचे वजन, म्हणजे ती खेळी निवडली जाण्याची शक्यता, कमी-जास्त करावे, हा पहिला. बुक जिथे संपते त्या स्थितींचे खोल विश्लेषण करून त्यांचे मूल्य मिनिमॅक्सने (प्रत्येक बाजू आपल्यासाठी सर्वोत्तम खेळी निवडते असे धरणाऱ्या पद्धतीने) पहिल्या खेळीपर्यंत मागे आणावे, हा दुसरा.

पहिला मार्ग सोपा आहे. पॉलीग्लॉटसारखे साधन डावांच्या संग्रहातून बुक बनवताना खेळीला विजयासाठी २ आणि बरोबरीसाठी १ गुण देऊन वजन ठरवते. अडचण मोजमापाची आहे. ४० टक्के डाव बरोबरीत सुटतात असे धरले, तर ९५ टक्के विश्वासपातळीवर १०० डावांच्या निकालात दोन्ही बाजूंना सुमारे ५० एलोची (एलो म्हणजे खेळाच्या ताकदीचे गुणांकन) आणि १,००० डावांत सुमारे १७ एलोची अनिश्चितता उरते. ती ५ एलोपर्यंत आणायची तर ११,००० हून अधिक डाव लागतात. त्यात तेच डाव जसेच्या तसे पुन्हा खेळले गेले असतील, तर आकडा फुगतो पण माहिती वाढत नाही, म्हणून पुनरावृत्ती आधी काढून टाकावी. दोन्ही बाजूंना एकच इंजिन ठेवून रंगांची अदलाबदल करणेही आवश्यक आहे, अन्यथा बुकऐवजी इंजिनांतला फरक मोजला जातो.

निकालांवर बेतलेल्या वजनात आणखी एक दोष असतो, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. खेळ्यांची एखादी ओळ चाळीस डाव जिंकून देते, मग कोणाला तरी तिचे खंडन सापडते. तरीही जुन्या विजयांच्या जोरावर तिचे वजन बराच काळ टिकून राहते. विश्लेषणाच्या मार्गात ते खंडन खेळ्यांच्या झाडात (एका खेळीतून फुटणाऱ्या पुढच्या खेळ्यांच्या मांडणीत) नोंदवले की मूल्य त्याच क्षणी बदलते. झाडाची कोणती टोके, म्हणजे बुक संपते त्या स्थिती, आधी वाढवावीत यासाठी थॉमस लिंके यांनी २००० साली मांडलेली ड्रॉप-आउट एक्स्पान्शन ही पद्धत आजही उपयोगी आहे: खोली आणि सर्वोत्तम खेळीपासूनचे मूल्यातले अंतर या दोहोंचा विचार करून ती पुढची स्थिती निवडते.

मात्र मिनिमॅक्स नेहमी सर्वाधिक मूल्य उचलत असल्यामुळे एका टोकाचा फाजील आशावादी अंदाज थेट मुळापर्यंत, म्हणजे पहिल्या खेळीपर्यंत, पोहोचू शकतो. शिवाय सर्वच ज्ञान आकड्यांतून येत नाही. ११ मे १९९७ रोजी कास्पारोव्हविरुद्धच्या सहाव्या डावात आयबीएमच्या डीप ब्ल्यू या संगणकाने कॅरो-कान या ओपनिंगमध्ये आठव्या खेळीला ई६ या घरावर दिलेला घोड्याचा बळी माणसांनी तयार केलेल्या बुकमधूनच आला होता.

संगणक एकच असेल, तर विश्लेषणापासून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. विश्लेषण करणारे इंजिन आणि प्रत्यक्ष खेळणारे इंजिन वेगवेगळे असेल, तेव्हा मात्र सामन्यांना पर्याय नाही, कारण कागदावर अर्ध्या प्याद्याने सरस असलेली स्थिती खेळणाऱ्या इंजिनला समजतेच असे नाही. अशा वेळी पूर्ण बुकचा सामना न लावता संशयित स्थितीपासूनच, खऱ्या स्पर्धेच्या वेळमर्यादेत, दोन्ही रंगांनी डाव खेळवावेत.