पॅम्प्लेटवर ५५ हजार, पावत्या ८४ हजारांच्या

शाळेचं नाव लिहीत नाही. एकतर माझं डिपॉझिट अजून तिथं अडकलंय, आणि दुसरं म्हणजे शिकवणाऱ्या मॅडमनी माझं भलंच केलंय. सांगली जिल्ह्यातलं खाजगी नर्सिंग स्कूल, एएनएमचा (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचा कोर्स, माझी ॲडमिशन २०२३ ची. स्टार द्यायचे तर शिकवण्याला चार, ऑफिसला दीड, आणि हॉस्टेलला काय देऊ, एक रात्र पण तिथं झोपले नाही तरी पैसे भरलेत.

माझं आधी सांगते म्हणजे कुठून बोलते ते कळेल. बारावी आर्ट्स, ॲडमिशनच्या वेळी वय ३२, मुलगा तेव्हा पहिलीत. नवऱ्यापासून वेगळी राहते, कोर्टाचं अजून चालूच आहे. आधी कुपवाड एमआयडीसीत पॅकिंगला होते, मग ब्यूरोतर्फे (घरी पेशंट सांभाळायला माणसं पाठवणारी एजन्सी) पेशंटच्या घरी नाईट ड्युटी, रात्री आठ ते सकाळी आठ, एका नाईटचे ६०० आणि त्यातून ब्यूरोचं कमिशन वेगळं. तिथंच एक सिस्टर भेटल्या, त्या म्हणाल्या अगं तू डायपर करतीस, नळीनं फीडिंग देतीस, बीपी बघतीस, आणि पेशंटचे नातेवाईक तुला मावशी म्हणतात, कागद कर आधी, एएनएमला पस्तिशीच्या आत ॲडमिशन घ्यावी लागते, नंतर रडशील. हे डोक्यात बसलं.

पॅम्प्लेटवर लिहिलेलं "फी फक्त ५५ हजार, हप्त्यांची सोय, १००% जॉब". हप्त्यांची सोय वाचूनच मी गेले. ऑफिसातल्या सरांनी एकदम गोड बोलून चहा दिला, म्हणाले ताई सीट दोनच राहिल्यात, आज पाच हजार भरा, सीट लगेच कन्फर्म. मी भरले. त्या दिवशी एक प्रश्न विचारायला पाहिजे होता तो विचारला नाही, की ही सीट कुठल्या कोट्यातली. मी एससी, उत्पन्न अडीच लाखाच्या आत, म्हणजे पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत सगळं बसत होतं, डोक्यात हिशोब पण तोच होता की फी महाडीबीटीवरून (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) निघेल, माझा फक्त वरखर्च. सेतूत जाऊन उत्पन्नाचा दाखला काढला, गॅप सर्टिफिकेट केलं, बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं म्हणून नावात बदलाचं गॅझेट केलं, जातपडताळणीसाठी आईला घेऊन तीन फेऱ्या मारल्या, आणि मग कळलं की माझी ॲडमिशन मॅनेजमेंट कोट्यातून (संस्था स्वतः भरते त्या सीटा) दाखवलीय, त्याला शिष्यवृत्ती लागू होत नाही. सरांना विचारलं तर म्हणे तुम्ही विचारलंच नाहीत. बरोबर आहे, विचारलं नाही. पण ज्या बाईच्या हातात जातीचा दाखला बघितला तिला आपणहून सांगायला काय जात होतं?

आता पावत्या. ट्युशन ५५ हजार. हॉस्टेल आणि मेस ३० हजार, कंपल्सरी. मी म्हटलं माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, मी हॉस्टेलला कशी राहणार, तर म्हणे नियम आहे. मग प्रिन्सिपल मॅडमपर्यंत गेले, अर्ज लिहिला, सोबत मुलाच्या शाळेचं बोनाफाईड जोडलं, तेव्हा डे स्कॉलरची (घरून येऊन-जाऊन शिकायची) परवानगी मिळाली पण त्या ३० हजारांऐवजी "मेंटेनन्स" म्हणून ८ हजार लावलेच. युनिफॉर्म, एप्रन, बूट ४८००, तेही त्यांच्याच दुकानातून, बाहेरून शिवलेला चालत नाही. परीक्षा आणि रजिस्ट्रेशनचे ३५००. पोस्टिंगला (बाहेरच्या प्रॅक्टिकल ड्युटीला) न्यायच्या बसचे ६ हजार, जर्नल आणि केसबुकचे १७००, डिपॉझिट ५ हजार. बेरीज करा, ८४ हजार होतात, आणि हे फक्त पहिल्या वर्षाचं. दुसऱ्या वर्षी युनिफॉर्म आणि डिपॉझिट नव्हतं एवढाच फरक.

८४ हजार कुठून आणले ते लिहिते, कारण मला त्या वेळी कुणीच असं नीट सांगितलं नव्हतं. आधी बँकेत गेले एज्युकेशन लोनला. नियमानं ४ लाखापर्यंत तारण लागत नाही, कोर्स संपून एक वर्षानंतर हप्ता सुरू होतो, कागदावर एकदम आपल्यासाठीच केलंय असं वाटतं. पण सहकर्जदार लागतो. काउंटरवरच्या सायबांनी विचारलं मिस्टरांची सही आणाल का, मी म्हटलं मिस्टरांची सही आणू शकले असते तर इथं आले नसते. मग वडील, ते वारलेले. मग आई, ती भाजी विकते, तिचं इन्कम कागदावर कुठं दाखवू. चार फेऱ्या झाल्या. लोकांना वाटतं बँकेची फेरी फुकट असते, नाईट करून आलेल्या बाईला एक फेरी म्हणजे एक झोप. पाचव्या वेळी गेलेच नाही. ही माझी चूक, विद्यालक्ष्मी या एज्युकेशन लोनच्या पोर्टलवर अर्ज टाकून ठेवला असता तर निदान अर्ज केल्याची नोंद राहिली असती आणि नाही म्हणायला त्यांना कारण द्यावं लागलं असतं. नुसतं तोंडी हो नाही करून परत पाठवणं फार सोपं असतं त्यांना.

शेवटी असं जमवलं: साठवलेले १४ हजार, बचत गटातून २० हजार शेकडा दोननं, मंगळसूत्र गहाण ठेवून ३० हजार (तसंही ते डब्यातच पडून होतं, पहिल्यांदा काही कामाला आलं) आणि राहिलेले २० हजार शाळेच्या हप्त्यात, दरमहा दोन हजार.

आता त्या हप्त्यांबद्दल, कारण खरा रिव्ह्यू हाच आहे. हप्ता एक तारखेला. ब्यूरोचा पगार दहा तारखेला. उशीर झाला की रोजचे ५० रुपये दंड. म्हणजे मी महिन्यात एकही दिवस चुकले नाही तरी दर महिन्याला ४५० ते ५०० दंड ठरलेलाच, आणि लेट फीच्या पावतीवर असं लिहून यायचं जसं काही मी पैसे असून दाबून ठेवलेत. अकाउंटंटना म्हटलं, माझी तारीख बारा करा, एका ओळीचं काम आहे. "सिस्टीम घेत नाही." चार महिने सिस्टीम घेत नव्हती. पाचव्या महिन्यात प्रिन्सिपल मॅडमनी एका कागदावर हातानं लिहिलं "१२ तारखेपर्यंत दंड नको" आणि सही केली, तो कागद अकाउंटंटनी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि सिस्टीमनं बरोबर घेतलं. आधीच्या दंडाचे पैसे परत मागितले तर हसले.

शिकवण्याचं मात्र मान्य करावंच लागेल. ट्यूटर मॅडम कडक, नाईट करून वर्गात डुलकी लागली तर उठवून मागे उभं करायच्या पण टोमणा मारला नाही कधी, आणि घरचं कधी विचारलं नाही. लसीकरणाचं प्रॅक्टिकल त्यांनी असं घेतलं की झोपेत विचारलं तरी सांगेन, बीसीजी (टीबीची लस) डाव्या दंडावर, कातडीत, आणि लस ठेवायची २ ते ८ अंशात. आरोग्य केंद्रावरच्या पोस्टिंगला पहिली डिलिव्हरी बघताना माझ्या बाजूच्या दोघी बाहेर पळाल्या, मी नाही पळाले, मॅडम म्हणाल्या तू याआधी बघितलंयस वाटतं. मी म्हटलं नाही मॅडम, फक्त केलीय. सगळ्या हसल्या. नाडी मोजायचा सराव मी मुलावर करायचे, तो इतका वैतागला की मी मनगट धरलं की स्वतःच सांगायचा, "८८, लिही."

वेळेचं गणित कुणीच सांगत नाही म्हणून सांगते. वर्ग नऊ ते चार. नाईट आठ ते आठ. हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून आठवड्याला चारच नाईट घ्यायचे, बाकी दिवस झोप आणि मुलगा. तो चार रात्री आजीकडं. हे पहिले अठरा महिने कसंतरी निभतं. त्यानंतर सहा महिने इंटर्नशिप, तेव्हा शाळाच शिफ्ट लावते, त्यात नाईट पण येते, म्हणजे बाहेरची कमाई जवळजवळ बंद. पॅम्प्लेटवर हे कुठंच नाही आणि मला हे सोळाव्या महिन्यात कळलं. ज्या कुणी नोकरी करत हा कोर्स करणार असाल त्यांनी फीच्या आधी त्या सहा महिन्यांच्या घरखर्चाची सोय करा, फी एक वेळ मागेपुढे करून घेतात, किराणावाला घेत नाही.

मला त्या सहा महिन्यांत दोन गोष्टींनी तारलं. एक, बालसंगोपन योजना. एकट्या आईच्या किंवा बापाच्या मुलाला महिन्याला २२५० मिळतात, २०२३ च्या आधी ११०० होते. महिला व बालविकासच्या जिल्हा कार्यालयात अर्ज, घरी चौकशी, मग बाल कल्याण समितीसमोर जायचं. वेळ खूप गेला, पण थकलेले पैसे एकदम आले ते नेमके इंटर्नशिपच्या सुरुवातीला. दुसरी लाडकी बहीण, जुलै २०२४ पासूनचे १५००. त्याच्या ई-केवायसीला २०२५ मध्ये परत नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार आणि ओटीपी. बँकेत मिस्टर, पोर्टलवर मिस्टर, जो माणूस मुलाच्या वहीचे पैसे देत नाही त्याचा अंगठा मात्र सगळीकडं पाहिजे.

कोणी विचारेल परत घ्याल का ॲडमिशन इथं. कोर्स घेईन, शाळा दुसरी बघेन. आधी सिव्हिलच्या सरकारी नर्सिंग स्कूलला फॉर्म भरेन, तिथं फी अगदी थोडी असते, मी तारीख चुकवली होती. खाजगीत गेलेच तर इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव आहे का ते आधी बघेन (आमच्या शाळेचं होतं, ती शंका नको), कारण गल्लोगल्ली सहा महिन्यांचे "नर्सिंग कोर्स" निघालेत, त्यात शिकून पेशंट सांभाळायचं काम मिळतं पण कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळत नाही, आणि मुलींना हे पैसे भरल्यावर कळतं. माझ्याबरोबर ब्यूरोत अशा दोघी आहेत. मग कोटा लेखी विचारेन, दोन्ही वर्षांच्या सगळ्या पावत्यांची बेरीज एका कागदावर लिहून मागेन आणि हप्त्याची तारीख माझ्या पगाराच्या नंतरची करून घेईन, ॲडमिशनच्या आधी, चहा पितापिताच, कारण तेव्हाच ते गोड असतात.

१००% जॉबचं म्हणाल तर शाळेनं दोन हॉस्पिटलचे नंबर दिले, एकानं फोन उचलला. तिथं नको म्हटलं, पगार ब्यूरोपेक्षा कमी होता. रजिस्ट्रेशन नंबर हातात आला की "कागद कर" म्हणणाऱ्या त्याच सिस्टर मला त्यांच्या हॉस्पिटलात घेऊन जाणार आहेत. मंगळसूत्र अजून सोडवलेलं नाही, घाई पण नाही. डिपॉझिटचं विचाराल तर मूळ मार्कशीट मिळाली, पाच हजार "प्रोसेसमध्ये" आहेत, तीन महिने झाले. सोमवारी परत जाणार आहे, बारा तारीख आहे त्या दिवशी.