नेमसर्व्हरपासून एमएक्सपर्यंत : सीपॅनेल खेड्यातून वापरताना

वरुड तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा काढून देणं, पीक विमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म ही रोजची कामं. त्याच्या जोडीला आसपासच्या लोकांच्या वेबसाइटही मी सांभाळते. संत्र्याच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवणारी एक शेतकरी कंपनी आहे, शेंदूरजना घाटाकडची कलमांची एक नर्सरी आहे, एक कनिष्ठ महाविद्यालय आहे, शिवाय बाजारातली काही दुकानं. या सगळ्यांचं होस्टिंग, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवायची भाड्याची जागा, सीपॅनेलवर चालतं. साइट, मेल आणि डोमेनची सेटिंग ब्राउझरमधून बदलायचं हे पॅनेल आहे. साइट दिसते कशी यावर सगळे बोलतात, पण ती ज्या नावावर उभी आहे त्या डोमेनच्या सेटिंगकडे साइट बंद पडेपर्यंत कोणी फिरकत नाही. म्हणून इथे सीपॅनेलच्या तेवढ्याच भागाबद्दल लिहिते.

माझं मत आधीच सांगते. इंजिनीअर नसलेल्या, पण शिकायची तयारी असलेल्या माणसाला आपलं डोमेन स्वतः सांभाळता येईल असं हे साधन आहे. नागपूर-पुण्याच्या माणसाला फोन करून त्याच्या सवडीची वाट पाहत बसायची गरज उरत नाही. आमच्या भागासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण पॅनेल उघडण्याआधीची एक गोष्ट. डोमेन आणि होस्टिंग ही दोन वेगळी खाती असतात, आणि हे गिऱ्हाइकाला समजावल्याशिवाय मी पुढचं कामच हाती घेत नाही. डोमेन म्हणजे सातबारा आणि होस्टिंग म्हणजे मक्त्याने घेतलेलं वावर, असं मी सांगते. मक्ता दरवर्षी बदलता येतो, सातबारा मात्र आपल्याच नावावर हवा. नर्सरीवाल्या काकाजींचं डोमेन आधीच्या साइट बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइल नंबरावर घेतलं होतं. पुढे त्याने फोन उचलणंच सोडलं. राजस्थानातून, मध्य प्रदेशातून कलमांसाठी विचारणा त्याच साइटवरून यायची, आणि ऐन जूनच्या लागवडीच्या तोंडावर त्या डोमेनची मुदत संपली. काकाजी माझ्यासमोर बसून म्हणाले, ‘‘ताई, नाव माह्या नर्सरीचं, अन् कुलूप मलेच?’’ त्यांच्या त्या प्रश्नावर कोणत्याही पॅनेलकडे उत्तर नव्हतं. शेवटी नवं नाव घ्यावं लागलं, या वेळी त्यांच्याच नावावर, त्यांच्याच ईमेलवर. डॉट इन नावांचा कारभार निक्सी ही संस्था पाहते, आणि नोंदणी करताना मालक म्हणून कोणाचं नाव घातलंय ते स्वतः वाचून घ्यायला हवं. हा रकाना दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नये.

आता पॅनेल. लॉगिन केल्यावर ‘डोमेन्स’ नावाचं एकच पान उघडतं. पूर्वी जास्तीचं डोमेन, उपडोमेन आणि टोपणनाव यांची वेगवेगळी पानं असायची, नवा माणूस तिथेच गोंधळायचा. आता ‘क्रिएट अ न्यू डोमेन’ दाबायचं, नाव लिहायचं आणि पुढे जायचं. इथे एका बारीक चौकोनाकडे मात्र लक्ष हवं. नाव लिहिलं की खाली ‘शेअर डॉक्युमेंट रूट’ अशी ओळ दिसते आणि तिच्यापुढे बरोबरची खूण आधीच लागलेली असते. ती तशीच राहिली तर नवं नाव टाकूनही जुनीच साइट उघडते, कारण दोन्ही नावं पब्लिक एचटीएमएल या एकाच फोल्डरकडे पाहतात. खूण काढली की खाली फोल्डरची चौकट उघडते आणि नव्या साइटला स्वतःचं घर मिळतं. कंपनीच्या एकाच साइटला दोन नावं लावायची असतील तेव्हा ही खूण कामाची आहे. दोन वेगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट असतील तर ती काढायलाच हवी.

त्याच यादीत प्रत्येक नावापुढे ‘फोर्स एचटीटीपीएस’चं बटण आहे, साइट कायम सुरक्षित जोडणीवरच उघडावी म्हणून. त्या जोडणीचं एसएसएल प्रमाणपत्र व्यवस्थित बसलेलं असेल तरच ते सुरू करता येतं, हे मला फार आवडतं. अर्धवट काम करून साइट मोडायची सोयच ठेवलेली नाही. प्रमाणपत्रं पॅनेलमधली ऑटोएसएसएल ही सोय आपोआप घेते आणि आपोआप नूतनीकरणही करते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रं 90 दिवसांची असतात. दर तीन महिन्यांनी हे हाताने करायचं म्हटलं असतं तर पेरणीच्या दिवसांत आमच्याकडची निम्मी दुकानं ब्राउझरला ‘असुरक्षित’ दिसली असती. एकच अट आहे, नाव खरोखर याच सर्व्हरकडे वळलेलं पाहिजे. तसं नसेल तर प्रमाणपत्र मिळत नाही.

आणि इथून झोन एडिटरचा विषय सुरू होतो. डोमेनच्या नोंदींची यादी म्हणजे झोन, आणि ती बदलायचं पान म्हणजे झोन एडिटर. माझ्या मते या पॅनेलचा जीव इथेच आहे. डोमेनचं नाव कोणत्या पत्त्याला जोडायचं, मेल कुठे पोचवायची, गुगलला ‘ही साइट आमचीच’ हे कसं पटवायचं, सगळं इथल्या एकेका ओळीत असतं. ए रेकॉर्ड म्हणजे नावाचा आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता. सीनेम म्हणजे एका नावाने दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणं. एमएक्स मेलसाठी, टीएक्सटी पडताळणीच्या मजकुरासाठी. ही सगळी व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी 1983 साली मांडली आणि तिचे जे नियम 1987 मध्ये लिहिले गेले, त्यांच्याच पायावर आजही काम चालतं. त्यामुळे इथे शिकलेलं दुसऱ्या पॅनेलवर गेलं तरी वाया जात नाही.

नाव लिहिण्याच्या चौकटीत नुसतं ‘शॉप’ लिहून बाहेर टिचकी मारली की पुढे पूर्ण डोमेन आपोआप जोडलं जातं आणि शेवटी एक टिंब येतं. ते टिंब खोडायचं नाही. ‘नाव इथे संपलं’ हे सर्व्हरला त्यावरून कळतं. पूर्ण नाव आपण लिहिलं, त्याला पुन्हा डोमेन चिकटलं आणि नाव दुप्पट लांब होऊन बसलं, असा घोळ इतर काही पॅनेलांत सर्रास होतो. इथे तो डोळ्यांसमोरच टळतो.

त्याच ओळीत टीटीएलचा रकाना आहे. बहुतेक लोक तो सोडून पुढे जातात, मी तिथे मुद्दाम थांबते. सीपॅनेल नेहमी 14400 हा आकडा भरून देतं. हे सेकंद आहेत, म्हणजे चार तास. एखाद्याच्या मोबाइल कंपनीने तुमचा पत्ता एकदा विचारून घेतला की चार तास ती पुन्हा विचारायला येत नाही, जुनंच उत्तर देत राहते. ‘बदल केला, पण साइट जुनीच दिसते’ ही तक्रार इथून येते. शेतकरी कंपनीची साइट नव्या सर्व्हरवर न्यायची होती तेव्हा आंबिया बहाराची फळं उतरायला आली होती आणि पेट्यांच्या ऑर्डरी सुरू होत्या. मी आदल्या दिवशीच टीटीएल 300 वर आणला, म्हणजे पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी पहाटे पत्ता बदलला. चहा होईपर्यंत नवी साइट सगळीकडे दिसायला लागली आणि एकही ऑर्डर हुकली नाही. काम झाल्यावर आकडा पुन्हा 14400 केला. नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हरच, बदलायचे असतील तर मात्र ही युक्ती पुरत नाही. तो बदल डोमेन जिथून घेतलं तिथे करायचा असतो आणि तो मुरायला एक-दोन दिवस धरून चालावं.

नेमसर्व्हरबद्दलच एक अपेक्षा आहे. तुमचे नेमसर्व्हर दुसरीकडे असले तरी झोन एडिटर उघडतो, ओळी भरू देतो, ‘जतन झालं’ म्हणतो. बाहेरच्या जगाला मात्र त्या ओळी कधीच दिसत नाहीत. ‘तुमच्या नावाचा कारभार सध्या इथून चालत नाही’ अशी ठळक पट्टी त्या पानाच्या डोक्यावर हवी होती. ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’च्या पानावर अशी सूचना येते, मग इथे द्यायलाही हरकत नसावी. तोवर माझा नियम असा की कोणत्याही नव्या गिऱ्हाइकाचं काम घेताना आधी नेमसर्व्हर तपासायचे आणि मगच झोनला हात लावायचा.

ईमेलच्या बाबतीत हे पॅनेल खरंच गुणी आहे. महाविद्यालयाची मेल गुगलकडे होती आणि साइट सीपॅनेलवर. बाहेरून आलेली मेल बरोबर पोचायची, पण साइटवरच्या प्रवेशाच्या फॉर्ममधून गेलेली माहिती सरांना मिळतच नव्हती. ‘‘पोरं फॉर्म भरून राह्यले, अन् आमच्याकडं काहीच नाही येऊन राह्यलं,’’ असं सर म्हणाले. कारण ‘ईमेल राउटिंग’मध्ये होतं. तिथे ‘लोकल’ निवडलेलं असलं की सर्व्हर समजतो या नावाच्या मेलच्या पेट्या आपल्याकडेच आहेत, आणि स्वतःकडून निघालेली मेल बाहेर जाऊच देत नाही. ते ‘रिमोट’ केलं आणि त्याच दुपारी फॉर्म गुगलच्या पेटीत उतरायला लागले. प्रवेशाच्या दिवसांत ग्रामीण भागातल्या मुलीचा एक फॉर्म हरवणं म्हणजे काय, हे मी सेंटरच्या खुर्चीतून रोज पाहते. त्यामुळे हा एवढासा पर्याय मला क्षुल्लक वाटत नाही.

दुसरं म्हणजे एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच आपल्याकडून गेली हे पटवणाऱ्या झोनमधल्या ओळी. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. ‘हा सर्व्हर आमच्याच वतीने मेल पाठवतो’ हे डोमेनच्या झोनमध्ये लिहिलेलं नसेल तर तुमचं बिल, तुमची पावती स्पॅममध्ये जाते किंवा परत येते. ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ उघडलं की काय चुकतंय ते नावापुढे लिहून येतं, आणि झोन इथेच असेल तर ‘रिपेअर’ दाबून दुरुस्तही होतं. झोन दुसरीकडे असेल तर नेमकी कोणती ओळ तिकडे टाकायची ते तयार करून मिळतं, नुसतं उचलून चिकटवायचं. मेल गुगलकडे असणाऱ्यांनी एवढं पाहावं : एका नावावर एसपीएफची ओळ एकच चालते. गुगलची ओळ वेगळी घातली आणि पॅनेलची जुनीही तशीच ठेवली तर दोन्ही निकामी होतात. दोन्हींतला मजकूर एकाच ओळीत आणायचा.

खेड्यातल्या नेटवर हे सगळं कसं चालतं? पानं हलकी आहेत, मोबाइलवरही उघडतात. लाइन गेली की मी हॉटस्पॉटवर काम करते. तेव्हा आयपी बदलतो आणि काही होस्टिंगवर पुन्हा लॉगिन मागितलं जातं. सर्व्हर चालवणाऱ्याने सुरक्षेची तपासणी कडक ठेवली असेल तर असं होतं. त्रास होतो, पण गिऱ्हाइकाचं खातं सुरक्षित राहत असेल तर मला तो चालतो. मराठीत पॅनेल वापरायला मिळालं असतं तर मी कितीतरी बायांना हे काम शिकवू शकले असते. माझ्याकडे ते इंग्रजीतच उघडतं, म्हणून मी प्रत्येक पानावरची बटणं मराठीत लिहून भिंतीवर लावली आहेत.

देवनागरी नावांबद्दल लोक विचारतात. डॉट भारत 2014 पासून मिळतं आणि मराठीत नाव घेता येतं. पॅनेलच्या आत मात्र ते ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या विचित्र अक्षरांत दिसू शकतं. घाबरू नये, ते तेच नाव आहे. साइटसाठी मी ते आनंदाने लावते. ईमेलसाठी मात्र डॉट इन किंवा डॉट कॉम ठेवा, कारण देवनागरी पत्ता अजून सगळीकडचे फॉर्म स्वीकारत नाहीत.

खर्चाचं थोडक्यात. 2019 मध्ये सीपॅनेलने परवान्याचे दर खात्यांच्या संख्येवर नेले, त्यामुळे फार स्वस्त होस्टिंगमध्ये हल्ली दुसरीच पॅनेलं दिसतात. पहिल्या वर्षीचा दर पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. काही स्वस्त योजनांत झोन एडिटर बंद करून ठेवलेला असतो आणि प्रत्येक ओळीसाठी होस्टिंग कंपनीकडे तिकीट, म्हणजे मदतीची लेखी विनंती, टाकावं लागतं. तशी योजना फुकट मिळाली तरी मी घेणार नाही. पैसे भरण्याआधी लेखी विचारा : झोन एडिटर चालू आहे का, ईमेल राउटिंग बदलता येतं का, ऑटोएसएसएल आहे का. आणि खातं उघडलं की पहिल्याच दिवशी झोनच्या सगळ्या ओळींची प्रिंट काढून डोमेनच्या पावतीला जोडून ठेवा. उद्या होस्टिंग बदलायचं ठरलं तर नव्या माणसाला हातात द्यायला तेवढाच कागद लागतो.