जुनी बोलेरो पिकअप: अकरा महिने, साडेचौदा हजार किलोमीटर आणि आंब्याचा एक सीझन

राजापूर तालुक्यात खाडीलगत आमची हापूसची बाग आहे, दोनशेच्या आसपास कलमं. २०२४ च्या सीझनपर्यंत माल भाड्याच्या गाडीनेच जायचा. ऐन सीझनमध्ये गाडी मिळायची ती गाडीवाल्याच्या सवडीने. तोवर काढलेला आंबा दोन-दोन दिवस पडवीत पडून राहायचा आणि वाशीच्या मार्केटला पोचेपर्यंत वरचा थर पिवळा झालेला असायचा. नवी पिकअप घ्यावी तर हप्ते बारा महिन्यांचे आणि आंबा जेमतेम तीन महिन्यांचा. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये २०१२ ची महिंद्रा बोलेरो पिकअप घेतली. जुनी गाडी शोधताना मला जी माहिती कुठेच एका जागी मिळाली नाही, ती इथे लिहितो.

आधी आसपासच्याच गाड्या पाहिल्या. पहिली होती मासळीची. वरून रंग चकाचक, इंजिन तर एका सेल्फला चालू. पण मासळीच्या गाडीत बर्फ वितळतो आणि ते खारं पाणी हौद्याच्या सांध्यांतून थेट चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर गळत राहतं. टॉर्च घेऊन गाडीखाली झोपलो आणि चेसिसच्या आडव्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हर दाबला, तर टोक आत गेलं. दुसरी होती चिरेखाणीवरची. तिच्या मागे दहा पावलांवर उभं राहिलं की केबिन आणि हौद्यामधली फट एका बाजूला दोन बोटं आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं दिसायची. पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) मोजले, तर एका बाजूला एक पाटा जास्तीचा घातलेला. पाटे वाढवलेली गाडी वर्षानुवर्षं कुवतीबाहेरचं वजन वाहत आलेली असते, मग मालक काहीही सांगो.

आमचे मिस्त्री सत्तरीला आलेत. ते मला एवढंच म्हणाले, "इंजिनाचा काय, पैसे घातलंस की नवा होता. चेसिस कुजली तर काय करतलंस?" त्यानंतर मी किनाऱ्यावरची गाडी बघणंच सोडलं आणि घाटावर शोध सुरू केला.

ही गाडी सांगली जिल्ह्यात एका द्राक्षबागायतदाराकडे मिळाली. कोरडी हवा आणि घरचीच वापरणी. वाहिलं काय, तर द्राक्षाचे क्रेट आणि खताच्या गोण्या. चेसिसवर वरवरचा तांबेरा (गंज) होता, पण स्क्रूड्रायव्हर कुठेही आत गेला नाही. मीटरवर १ लाख ३८ हजार होते. जुन्या गाडीच्या मीटरवर मी विश्वास ठेवत नाही, म्हणून ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज आणि ड्रायव्हरच्या सीटचा फोम बघितला. ते सगळं आकड्याशी जुळत होतं. गाडी बघायला सकाळी, न कळवता जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर तुम्ही यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलंय. थंड इंजिन किती सेल्फ घेतं आणि पहिला धूर कसा निघतो, यातच निम्मी परीक्षा होते. मग चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढा. आतून भसाभस हवा आणि धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिनकाम जवळ आलंय. या गाडीचा धूर पहिल्या मिनिटाला काळा होता, मग निवळला. झाकणातून हवा येत होती, पण थोडी. दोन लाख पंच्याण्णव हजार मागितले होते, दोन लाख साठ हजारांना ठरलं.

त्यातले तीस हजार मी मागे ठेवले आणि ते ठेवले म्हणूनच वाचलो. मालक प्रामाणिक माणूस. कर्ज कधीच फिटलंय, हे त्यांचं म्हणणं खरं होतं, पण आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) फायनान्सचा बोजा तसाच होता. फॉर्म ३५ आणि फायनान्सवाल्यांची एनओसी मिळून तो उतरायला सहा आठवडे गेले. बोजा उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर विकणाऱ्याच्या सह्या व्यवहाराच्या दिवशीच घ्या आणि थकलेली ई-चलानं त्याच्याकडूनच भरून घ्या. गाडीची नोंदणी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसीही लागते. विमा नावावर करून घ्यायला कायद्याने चौदा दिवस मिळतात. मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच २०२४ मध्ये करासकट अठरा हजारांच्या आसपास जात होता, तो खर्च आधीच धरा.

ड्रायव्हिंगच्या परवान्याबद्दल मला बरेच जण विचारतात. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधा एलएमव्ही (हलक्या वाहनाचा) परवाना चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ते कायम केलं. आणि एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, तीन हजार किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. आरसीवरचा तो आकडा वाचूनच सौदा करा.

गाडी अणुस्कुरा घाटातून भर पावसात खाली आणली. घाट उतरताना ब्रेकचं पेडल हळूहळू खाली जायला लागलं. दुसऱ्या गिअरवर गाडी आवरत, जागोजागी थांबत पाचलला पोचलो. मागच्या एका चाकाचा व्हील सिलिंडर गळत होता. ब्रेकचे ड्रम उघडून बघितले नसतील तर गाडी विकत घेतल्यावर पहिला घाट उतरू नका, ही माझी अगदी कळकळीची विनंती आहे. मी घाई केली आणि शेजारी भाऊ बसलेला होता. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मग दीड महिना गाडी मिस्त्रींच्या दारात. ब्रेक संपूर्ण नवे केले, नऊ हजार दोनशे. पाट्यांचे बुश, शॅकल, यू-बोल्ट आणि एक मोडका पाटा मिळून साडेचौदा हजार. क्लचप्लेट, प्रेशरप्लेट आणि बेअरिंग अकरा हजार. चार टायर सव्वीस हजार. नोझल-पंपाचं काम, रेडिएटरची सफाई, सगळे होस आणि बेल्ट धरून साडेबावीस हजार. यातला कोणताही खर्च गाडी वाईट निघाली म्हणून झालेला नाही. बारा वर्षांच्या गाडीत एवढं झिजणारच. गाडीच्या किमतीच्या चाळीस टक्के हाताशी नसतील तर जुनी गाडी घेऊ नये, असं माझं मत झालंय.

सगळ्यात जास्त पैसे आणि जीव मी हौद्यात घातला, एकतीस हजार. तळाचा पत्रा काढून तीन मिलिमीटरची चेकर प्लेट टाकली. खाली चेसिस तारेच्या ब्रशने घासून उघडी केली, दोन हात इपॉक्सी प्रायमर आणि वर रंग. आमच्याकडे गाडीखाली जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. मी नको म्हटलं. ऑइलने बुशचं रबर फुगतं आणि पावसात ते सगळं बागेतच उतरतं. फाळक्याच्या बिजागऱ्या नव्या केल्या आणि हौद्याच्या चारही कोपऱ्यांत पाणी जायला भोकं ठेवली. ती पावसाळ्यात काडीने मोकळी करत राहावी लागतात.

याच कामात एक नुकसान झालं. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढायची राहिली आणि आल्टरनेटर जळला. बॅटरीही जुनीच होती, वायरिंगसकट नऊ हजार आठशे गेले. वेल्डिंगवाला कितीही जुना असो, बॅटरीचं टर्मिनल आपल्या हाताने काढा. सगळं धरून एक लाख चोवीस हजारांचं काम झालं. विमा, नावावर करणं आणि पासिंग (फिटनेस तपासणी) मिळून वर सत्तावीस हजार. म्हणजे गाडी मला चार लाख अकरा हजारांना पडली.

आता वापराचं सांगतो. २५२३ सीसीचं हे जुन्या धाटणीचं इंजिन कमी आरपीएमवर ओढतं. भरलेली गाडी बागेतल्या चढावर पहिल्या गिअरमध्ये न धापता येते. डिझेल पंप यांत्रिक आहे, त्यामुळे गावातला मिस्त्रीही पान्याने दुरुस्ती करू शकतो आणि सुटे भाग राजापुरातच मिळतात. रिकामी चौदा, भरलेली घाटरस्त्याने साडेअकरा ते बाराचं अॅव्हरेज देते. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे वाशीच्या मार्केटमध्ये गाडी मागे घेताना खांदे भरून येतात. साठच्या पुढे केबिनमध्ये बोलणं ऐकू येत नाही. रिकामी असताना मागचे पाटे एवढे उडतात की बाबा आता राजापूरला एसटीनेच जातात.

आंबा मात्र हिने सांभाळला. पाच डझनाची लाकडी पेटी बावीस-चोवीस किलोची भरते, म्हणून मी पन्नासच्या वर पेट्या घालत नाही. लोक ऐंशी घालतात. पन्नासांतच बाराशे किलोच्या जवळ जातं आणि पुढे घाटाचे टप्पे आहेत. तळाला लाकडी पट्ट्या टाकल्यात, म्हणजे प्लेटची उष्णता पेटीला लागत नाही आणि खालून हवा खेळते. ताडपत्री घट्ट ओढली की आंबा आतल्या आत उबतो, म्हणून वर शेडनेट आणि ताडपत्री नुसती पावसासाठी गुंडाळून तयार. संध्याकाळी सातला निघायचं, पहाटे मार्केट गाठायचं. सीझनमध्ये अशा चौदा फेऱ्या झाल्या. काढल्यापासून मार्केटपर्यंत दीड दिवसाच्या आत माल पोचला आणि तक्रार येऊन परत आलेली एकही पेटी नाही. २०२५ मध्ये मान्सून २५ मेलाच तळकोकणात उतरला. शेवटच्या दोन फेऱ्या भाड्याच्या गाडीच्या भरवशावर असत्या तर तो आंबा झाडाखालीच कुजला असता.

वयाचा प्रश्न आहेच. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करावं लागतं आणि पंधरा वर्षं उलटली की त्याचं शुल्क बरंच वाढतं. म्हणजे माझ्याकडे २०२७ पर्यंतचा हिशेब आहे. रोज धंद्यासाठी गाडी लागणाऱ्याने ही घेऊ नये, एक दिवस बंद पडली तरी त्याचा दिवस बुडतो. वर्षात शंभर-सव्वाशे दिवस माल वाहायचा आणि जवळ विश्वासाचा मिस्त्री असलेल्या बागायतदाराने जरूर घ्यावी.

इंजिन अजून उघडलेलं नाही. ऑइल हजार किलोमीटरला पाव लिटर खातंय, ते दर महिन्याला वहीत लिहून ठेवतो. मागच्या रविवारी पुन्हा गाडीखाली झोपून चेसिस ठोकून बघितली. उजव्या मागच्या शॅकलजवळ रुपयाएवढा तांबेरा दिसला. पाऊस दोन दिवस थांबला की तो घासून प्रायमर मारायचाय, डबा आणून ठेवलाय.