पोस्टफिक्स आणि डव्हकॉट: मेल सर्व्हर हँग होतो तेव्हा

स्वतःचा मेल सर्व्हर चालवू इच्छिणाऱ्या संस्थेने पोस्टफिक्स (मेल पाठवणारे व स्वीकारणारे) आणि डव्हकॉट (वापरकर्त्यांना त्यांचा इनबॉक्स उघडून देणारे) ही मुक्त सॉफ्टवेअरची जोडी निःशंकपणे निवडावी, असे माझे मत आहे. मात्र फिरत्या हार्ड डिस्कच्या मशीनवर ती बसवताना लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, मूळ सेटिंग्ज तशाच ठेवू नयेत. वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिलेले पोस्टफिक्स १९९८ मध्ये खुले झाले, तर तिमो सिराइनेन यांचे डव्हकॉट २००२ पासून उपलब्ध आहे.

आमच्या प्रकाशन संस्थेत ही जोडी ६४ जीबी मेमरीच्या मशीनवर चालते. रात्री बॅकअप सुरू झाला की मेल पाठवणे मध्येच अडकायचे, इनबॉक्स उघडायचा नाही आणि काही मिनिटांनी सारे आपोआप सुरळीत व्हायचे. त्या वेळी लोडचा, म्हणजे काम करणाऱ्या किंवा थांबलेल्या प्रोसेसचा, आकडा चढत असे, पण प्रोसेसर जवळजवळ रिकामा असे. पोस्टफिक्सची क्लीनअप ही, आलेली मेल रांगेत लिहिणारी प्रोसेस 'डी' अवस्थेत, म्हणजे डिस्कची वाट पाहत थांबलेली दिसायची आणि जेबीडी२ (डिस्कवरील बदलांची नोंदवही लिहिणारी कर्नलची प्रोसेस) १२० सेकंदांहून अधिक काळ अडकल्याची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये येत असे. दोष मेलच्या सॉफ्टवेअरचा नाही, हे या नोंदीवरून कळते.

लिनक्स डिस्कवर लिहायचा डेटा आधी मेमरीत साठवतो. किती साठू द्यायचा हे व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_रेशो आणि व्हीएम.डर्टी_रेशो या सेटिंग्ज ठरवतात. त्यांच्या मूळ किमती अनुक्रमे १० आणि २० असून त्या उपलब्ध मेमरीच्या टक्केवारीत असतात. म्हणजे एवढ्या मोठ्या मशीनवर बॅकअपचा दहा-बारा जीबी डेटा मेमरीत तुंबू शकतो. पोस्टफिक्स तर प्रत्येक मेल डिस्कवर पक्की लिहिली गेल्याची खात्री झाल्याशिवाय 'मेल स्वीकारली' हे २५० क्रमांकाचे उत्तर देतच नाही, त्यामुळे चार ओळींची मेलही त्या तुंबलेल्या डेटाच्या रांगेत मागे उभी राहते.

खात्री होईपर्यंत असे थांबणे हा मला पोस्टफिक्सचा सर्वांत मोठा गुण वाटतो. मेल पूर्ण पाठवून झाल्यावर पाठवणाऱ्या सर्व्हरने उत्तरासाठी किमान १० मिनिटे थांबावे, असे आरएफसी ५३२१ हे मेल पाठवण्याच्या पद्धतीचे मानक सांगते. खोळंबा त्याहून लांबला, तर तोच सर्व्हर मेल पुन्हा पाठवतो. क्वचित एकच मेल दोनदा येईल, पण हरवणार नाही. घाईने होकार देऊन मेल गमावणाऱ्या सर्व्हरपेक्षा असा थांबणारा सर्व्हर मी केव्हाही पसंत करीन.

उपाय छोटा आहे. कर्नलच्या सेटिंग्ज लिहिण्याच्या सिसकंट्रोल (sysctl) फाइलमध्ये व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स ६७१०८८६४ आणि व्हीएम.डर्टी_बाइट्स २६८४३५४५६, म्हणजे ६४ आणि २५६ एमबी, अशा मर्यादा घातल्या की डेटा थोडा थोडा सतत लिहिला जातो. या किमती दिल्यावर टक्केवारीच्या सेटिंग्ज शून्य दिसतात; त्यात काही बिघडलेले नसते. मेमरीची स्थिती दाखवणाऱ्या प्रॉक-मेमइन्फो या फाइलमधील 'डर्टी', म्हणजे डिस्कवर लिहायचा राहिलेला डेटा, या ओळीवर लक्ष ठेवल्यास फरक लगेच दिसतो. आमच्याकडे बॅकअपला आता थोडा अधिक वेळ लागतो, पण मेल अडकत नाही. पोस्टफिक्सची डिफॉल्ट_प्रोसेस_लिमिट, म्हणजे एका सेवेसाठी एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसची मर्यादा, मुळात १०० असते. ती वाढवण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु डिस्कच अडलेली असताना त्याने केवळ थांबलेल्या प्रोसेसची गर्दी वाढते.

पोस्टफिक्सची कागदपत्रे उत्कृष्ट आहेत. त्यांच्या ट्यूनिंगच्या प्रकरणात प्रोसेस आणि उघड्या फाइलींच्या मर्यादांची चर्चा आहे, डिस्कचे लेखन वेगवान करण्याचा सल्लाही आहे. तरीही नव्या प्रशासकाला कर्नलच्या या डर्टी सेटिंग्जची वाट तिथून सहज सापडणार नाही, आणि ही उणीव मला खटकते.

याउलट डव्हकॉट स्वतःच उपाय सुचवते. सर्व मेलबॉक्स एकाच सिस्टीम युजरच्या नावे असतील, तर आयनोटिफायची (फाइलींतील बदल लगेच कळवणाऱ्या लिनक्सच्या सोयीची) प्रत्येक युजरसाठी १२८ इन्स्टन्सची मूळ मर्यादा लवकर संपते आणि नवी मेल उशिरा दिसू लागल्याने सर्व्हर हँग झाल्याचा भास होतो. अशा वेळी कोणती मर्यादा वाढवायची, तिचे नाव लॉगमध्येच लिहून येते. आम्ही ती १०२४ केली.

नवे मशीन घेणाऱ्यांनी मेलची रांग आणि बॅकअप एकाच डिस्कवर ठेवू नयेत; रांगेसाठी छोटी एसएसडी पुरते.