क्विकशिफ्टर लावून आठ महिने झाले: गिअरबॉक्स शाबूत, वॉरंटीचा मात्र घोळ

मोटरसायकल दोन सिलिंडरची, वॉरंटीतली. बाहेरून घेतलेला क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलू देणारं यंत्र, बसवून आठ महिने आणि साधारण 9000 किलोमीटर झालेत. "याने गिअरबॉक्सची वाट लागते का?" असं सगळेच विचारतात. माझं उत्तर: सेटिंग आणि पाय ताब्यात असतील तर नाही.

गिअर लिव्हरच्या रॉडवर एक सेन्सर बसतो. पायाचा दाब कळला की तो काही मिलिसेकंदांपुरता स्पार्क तोडतो. गिअरवरचा ताण क्षणभर सुटतो आणि क्लच न दाबता पुढचा गिअर पडतो. म्हणजे सगळा खेळ त्या तोडण्याच्या वेळेचा. वेळ कमी पडली तर गिअर एकमेकांत अडकवणारे खुंटे ताणाखालीच एकमेकांवर आदळतात, त्यांच्या कडा झिजून गोल होतात आणि पुढे पिकअप घेताना गिअर आपोआप सुटायला लागतो. वेळ जास्त झाली तर गाडी मान टाकते. माझं युनिट 65 मिलिसेकंदांवर सेट होऊन आलं होतं. वरचे गिअर लोण्यासारखे पडायचे, पण पहिल्यावरून दुसऱ्याला जाताना मधे न्यूट्रल लागतो, तिथे ठक्कन आवाज यायचा. तेवढ्या एका गिअरसाठी 80 केलं आणि आवाज गेला.

दुसऱ्या महिन्यात भलतंच सुरू झालं. गिअर न बदलताही गाडी मधेच झटका द्यायची. सेन्सरला शिव्या घालून झाल्या, मग लक्षात आलं की माझा बूट सवयीने लिव्हरखाली टेकलेला असतो आणि सेन्सर तोच दाब समजून स्पार्क तोडतो. ही सवय क्विकशिफ्टर नसतानाही वाईटच, सिलेक्टर फोर्क (आतले गिअर सरकवणारे काटे) त्यानेच घासतात. आणि बहुतेक गाड्यांत तो फोर्क बदलायचा म्हणजे अख्खं इंजिन खोलायचं.

4000 आरपीएमच्या खाली मी आजही क्लचच वापरतो. रमतगमत चालवताना याचा उपयोग शून्य. माझं युनिट फक्त वर जातानाचं आहे, हे विसरून एकदा क्लचशिवाय खाली गिअर टाकला. खर्रकन जो आवाज आला तो अजून कानात आहे.

ऑइल बदलताना दोन्ही वेळा ड्रेन बोल्टचं चुंबक बोटाने पुसून पाहिलं. धातूच्या झिजेचा राखाडी, मऊ लेप होता, तो असतोच. टोचणारा कण एकही नव्हता.

आता वॉरंटी. पाचव्या महिन्यात एक सिलिंडर मिस करू लागला, म्हणजे मधेच पेटेना. सर्व्हिस सेंटरने स्पार्क देणाऱ्या कॉइलची वायर पाहिली, तिलाच मी क्विकशिफ्टर जोडला होता, आणि जॉबकार्डवर लिहून टाकलं, "इलेक्ट्रिकल वॉरंटी रद्द". घरी टेप सोडली. वायरच्या कातडीत चावणारी ती स्वस्तातली क्लिप, आत पाणी गेलेलं, तांबं हिरवं पडलेलं. चूक माझी होती. तयार कनेक्टरचं हार्नेस (वायरिंगचा जोडसंच) मिळत असताना मी पैसे वाचवायला गेलो होतो. दुरुस्तीचा खर्च गुपचूप भरला.

पण महिन्याभराने मीटरच्या काचेत वाफ धरली, तेव्हाही त्यांनी तेच जॉबकार्ड पुढे केलं. तिथे मात्र ऐकून घेतलं नाही. कॉइलच्या वायरचा आणि मीटरच्या सीलचा संबंध काय, एवढं लेखी द्या म्हटलं. आठवडाभर टोलवाटोलवी झाली, मग मीटर बदलून मिळाला. अमेरिकेत यासाठी 1975 पासून मॅग्नसन-मॉस कायदा आहे: बाहेरचा पार्ट लावला एवढ्यावर वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्याच पार्टमुळे झाला हे कंपनीने दाखवायचं. इतरत्र आपापल्या वॉरंटी पुस्तिकेतला बारीक टाइप वाचणं आलं. माझ्या पुस्तिकेत "बदलामुळे झालेला बिघाड" असे शब्द होते, त्यातल्या "मुळे"वरच मी भांडलो.

गिअरबॉक्सचा क्लेम आलाच तर ते हाच सेन्सर दाखवणार, आणि तिथे संबंध नाही असं मला छातीठोक म्हणता येणार नाही. म्हणून सेटिंगचे आकडे, तारखा आणि दर वेळचा ड्रेन बोल्टचा फोटो जपून ठेवतोय.